ग्लासनेव्हिनचे मूरसाहेब

डब्लिनला पाहुणे आले की आपण त्यांना ग्लासनेव्हिनची बोटॅनिक गार्डन दाखवतोच. काचघरासमोर फोटो होतात, मुलं खारींच्या मागे पळतात. पण या बागेत चाळीस वर्षांहून अधिक काळ राबलेले डेव्हिड मूर सहसा कुणाला आठवत नाहीत.

मूर मूळचे स्कॉटलंडमधल्या डंडीचे. जन्म १८०८ चा, आडनाव म्युर. १८२८ मध्ये आयर्लंडला आल्यावर त्याचं मूर झालं. (परदेशात आडनावाचं काय काय होतं, ते आपल्याला कुणी सांगायला नको!) १८३८ मध्ये ग्लासनेव्हिनची बाग त्यांच्या हाती आली.

२० ऑगस्ट १८४५ रोजी मूरना बागेतल्या बटाट्यावर करपा दिसला. त्याच उन्हाळ्यात बेल्जियममध्ये दिसलेला हा रोग आता इथे पोचला होता. देशातली लाखो गोरगरीब माणसं तिन्ही त्रिकाळ बटाट्यावरच जगत होती. पुढे दुष्काळ वाढून ठेवलाय, हे मूरनी तेव्हाच ओळखलं.

पण रोग कशामुळे? सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी दोष ओल्या हवेला दिला आणि बटाटे कोरडे, हवेशीर ठेवायला सांगितलं. लोकांनी तसं केलं, तरी बटाटे सडले. पानांखालची पांढरी बुरशी हे रोगाचं कारण की नुसता परिणाम, यावर मोठा वाद पेटला. इंग्लंडमधले पाद्री बर्कली म्हणत होते की कारण बुरशीच. मूरही त्याच मताला आले.

बुरशीला हिरव्या झाडासारखं उन्हात अन्न शिजवता येत नाही. ती बारीक तंतू पसरते, पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. लोणच्यावरची बुरशीही हेच करते. करप्याचे बीजाणू वाऱ्यावर उडतात, ओल्या पानावर रुजतात, पावसाबरोबर मातीत उतरून बटाट्यात शिरतात. म्हणजे ओलाव्याचा हात होताच, पण एकट्याचा नव्हे. १८६१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ डी बारी यांनी हे पक्कं सिद्ध केलं. (आता हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळांच्या जवळचा मानतात.) मूरनी उपायांसाठी खटपट केली, पण रोग थांबला नाही. सुमारे १० लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली.

गंमत म्हणजे त्याच दशकात ग्लासनेव्हिनला मूरनी बियांपासून ऑर्किड वाढवली, जे तेव्हा फारसं कुणाला जमत नव्हतं. ऑर्किडचं बी धुळीएवढं, आत शिदोरी काहीच नाही. मूरनी ते जुन्या ऑर्किडच्या कुंड्यांत टाकलं. त्या कुंड्यांतली बुरशीच त्या रोपट्यांना पोसत होती! हे कोडं १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांनी उलगडलं. मूरना ते कधीच कळलं नाही.

जून १८७९ मध्ये ते वारले. तो उन्हाळाही ओलाच गेला, पश्चिम आयर्लंडमध्ये बटाटा पुन्हा बुडाला. बाग २२ वर्षांच्या मुलाच्या, फ्रेडरिकच्या हाती आली. करप्यावरचा उपाय आणखी सहा वर्षांनी, १८८५ मध्ये फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून आला: मोरचूद आणि चुना. कोकणात पावसाळ्यात सुपारीवर मारतात, तेच बोर्डो मिश्रण.