अश्वशक्तीला लगाम घालणारा इंजिनीअर

मोटारीचे वेड असलेल्या माणसाला कारखान्याने दिलेली ताकद नेहमीच कमी वाटते. आज आपल्या शहरांतून धावणाऱ्या बहुतेक डिझेल मोटारींच्या बॉनेटखाली टर्बोचार्जर असतो आणि त्याचा दाब थोडा वाढवला की इंजिनाची अश्वशक्ती वाढते, हे गुपितही आता गॅरेजमधल्या पोरासोरांना ठाऊक आहे. वाढलेल्या अश्वशक्तीचे करायचे काय, हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. तो प्रश्न सर्वांत चिकाटीने विचारला मार्क डोनोह्यू या अमेरिकी इंजिनीअरने. हा इंजिनीअर आपल्या काळातील अव्वल शर्यतपटूही होता आणि टर्बोचार्ज्ड मोटारीच्या इतिहासात त्याच्याइतकी अश्वशक्ती माणसाळवून दाखवणारे फारसे कोणी झाले नाही.

डोनोह्यूचा जन्म १९३७ सालचा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. ऱ्होड आयलंडमधील ब्राउन विद्यापीठातून त्याने १९५९ मध्ये मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. त्याच सुमारास स्वतःच्या १९५७ च्या कॉर्व्हेटमधून न्यू हॅम्पशायरमधल्या डोंगरचढाईच्या एका स्पर्धेत तो उतरला आणि पहिल्याच प्रयत्नात जिंकला. पुढे एल्व्हा कुरियर ही छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेऊन १९६१ मध्ये त्याने स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकेचे आपल्या वर्गातले राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. ही सगळी हौशी मंडळींची शर्यत होती. आठवडाभर नोकरी करायची, संध्याकाळी गाडीखाली शिरायचे आणि शनिवार-रविवारी ती पळवायची, असा तिथला रिवाज.

नोकरीही त्याला साजेशीच मिळाली. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ग्रिफिथ नावाची एक छोटी कंपनी होती. टीव्हीआर या चिमुकल्या ब्रिटिश मोटारीच्या सांगाड्यात फोर्डचे ४.७ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवून विकणे, हा तिचा उद्योग. चार सिलिंडरच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीत हा राक्षस कोंबला की वेग मिळे, पण इंजिन तापे आणि बाकीच्या गाडीला ते झेपेनासे होई. तिथे इंजिनीअर म्हणून काम करताना डोनोह्यूने अतिरिक्त ताकदीचे दुष्परिणाम जवळून पाहिले.

वॉल्ट हॅन्सगेन या ज्येष्ठ शर्यतपटूने त्याच्यातले गुण हेरले. १९६६ च्या आरंभी दोघांनी मिळून फोर्डच्या जीटी मोटारीतून डेटोनाच्या चोवीस तासांच्या शर्यतीत तिसरा आणि सेब्रिंगला दुसरा क्रमांक पटकावला. काही आठवड्यांतच, एप्रिलमध्ये, ल मान्सच्या सरावात हॅन्सगेन अपघातात गेला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी रॉजर पेन्स्कीने डोनोह्यूला आपल्या संघात येण्याचे सुचवले. पेन्स्की स्वतः उत्तम शर्यतपटू होता, पण ऐन उमेदीत चालकाची जागा सोडून त्याने व्यवसाय पत्करला होता. ही जोडी पुढे नऊ वर्षे टिकली.

या काळात डोनोह्यूने जे जिंकले त्याची जंत्री मोठी आहे. १९६७ आणि १९६८ चे अमेरिकी रोड रेसिंगचे विजेतेपद, १९६९ ची डेटोनाची चोवीस तासांची शर्यत, ट्रान्स-अ‍ॅम मालिकेत शेव्हरले कॅमॅरोवर दोन आणि एएमसी जॅव्हलिनवर एक विजेतेपद. १९६८ मध्ये तर ट्रान्स-अ‍ॅमच्या तेरापैकी दहा शर्यती त्याने एकट्याने जिंकल्या. पण विजयांपेक्षा ते मिळवण्याची त्याची रीत अधिक विचार करायला लावते. कॅमॅरोचे वजन घटवण्यासाठी तिचा सांगाडा आम्लात बुडवून पत्रा पातळ करण्यात आला. टाकी झटपट भरावी म्हणून इंधनाचे पिंप उंच मनोऱ्यावर चढवण्यात आले. ब्रेकचे पॅड पटकन बदलता यावेत यासाठी ते निर्वात दाबाने मागे खेचण्याची युक्ती निघाली. नियमपुस्तकात जे स्पष्टपणे निषिद्ध नाही ते सारे करून पाहायचे, असा हा खाक्या होता. पत्रा आम्लात बुडवण्याचा प्रकार नियमांच्या कुंपणापलीकडचा होता, हे त्याच्या चाहत्यांनीही मान्य करायला हवे. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मकथेला त्याने ‘द अनफेअर अ‍ॅडव्हान्टेज’ हे नाव दिले, ते उगीच नव्हे.

टर्बोचार्जरशी त्याचा परिचय इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत झाला. धुराड्यातून वाया जाणाऱ्या तप्त वायूंच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवायचे, त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची आणि जास्त हवेसोबत जास्त इंधन जाळायचे, एवढीच या यंत्राची कल्पना. तिथल्या ऑफेनहाउजर इंजिनांना अवघे चार सिलिंडर आणि जेमतेम अडीच लिटरहून थोडी अधिक क्षमता, पण टर्बोमुळे त्यांची ताकद कितीतरी पटींनी वाढलेली. १९७२ मध्ये डोनोह्यू असेच इंजिन असलेल्या मॅक्लारेनमधून ही शर्यत जिंकला. शेवटच्या तेरा फेऱ्याच काय त्या त्याने आघाडीवर काढल्या. त्याआधी बराच काळ आघाडीवर असलेल्या त्याच्याच संघातल्या गॅरी बेटनहाउजेनची गाडी बिघडली होती. ताशी १६२.९६२ मैलांची, म्हणजे सुमारे २६२ किलोमीटरची, त्याची सरासरी पुढली बारा वर्षे कोणाला मोडता आली नाही.

त्याचे खरे कार्य मात्र दुसरीकडे चालू होते. ल मान्सची शर्यत १९७० आणि १९७१ अशी सलग दोनदा जिंकणारी पोर्शेची ९१७ ही मोटार नियम बदलल्यामुळे युरोपात निरुपयोगी झाली होती. तेव्हा कंपनीने अमेरिका-कॅनडातल्या कॅन-अ‍ॅम मालिकेकडे मोर्चा वळवला. इंजिनाच्या आकारावर किंवा ताकदीवर जवळपास कोणतेच बंधन नसलेली ही मालिका १९६७ पासून सलग पाच वर्षे मॅक्लारेनने आठ सिलिंडरच्या अजस्र शेव्हरले इंजिनांच्या बळावर जिंकली होती. पोर्शेकडे तेवढे मोठे इंजिन नव्हते, म्हणून आपल्या बारा सिलिंडरच्या इंजिनाला दोन टर्बो जोडण्याचे तिने ठरवले आणि पेन्स्कीच्या संघाशी करार केला. त्यापायी १९७१ च्या अखेरीस डोनोह्यू स्टुटगार्टजवळच्या वाइझाख येथील चाचणी केंद्रात दाखल झाला.

तिथे जे इंजिन त्याच्या पुढ्यात आले ते कागदावर अजिंक्य होते. चाचणीच्या बाकावर ते साडेआठशेहून अधिक अश्वशक्ती दाखवी. गाडीत बसवले की त्याचे वागणे भिंतीवरच्या बटणासारखे होई, एक तर बंद नाही तर पूर्ण चालू. वळणावर पाय दाबावा तर क्षणभर काहीच घडू नये आणि मग एकाएकी सारी ताकद मागच्या चाकांवर कोसळावी. टर्बोचे चक्र गती घेईपर्यंत जाणारा हा वेळ सरळ रस्त्यावर चालून जातो, वळणावर तोच जीवघेणा ठरतो. शर्यतीचा बराचसा भाग वळणांचाच असतो.

डोनोह्यूने इंजिनाच्या चाचणीचे आलेख मागवून पाहिले आणि त्याच्या ध्यानात आले, की मोजमाप पाच हजार फेऱ्यांच्या वरच केले जात होते. त्याखाली इंजिन कसे चालते हे कोणी तपासलेच नव्हते. बाकावर इंजिन पूर्ण जोरात चालवणाऱ्यांना त्याची गरज भासली नव्हती. वळणातून हळूहळू पाय दाबत बाहेर पडणाऱ्या चालकाला मात्र त्याच खालच्या पट्ट्याशी कर्तव्य होते. कमी दाबाला, कमी फेऱ्यांना आणि अर्ध्या उघड्या थ्रॉटलला नेमके किती इंधन जावे, हे त्याच्या आग्रहावरून नव्याने ठरवण्यात आले. त्यासाठी इंधन पुरवणाऱ्या पंपातली रचना बदलावी लागली. हेल्मुट फ्लेगल हा तरुण जर्मन इंजिनीअर या साऱ्या खटाटोपात त्याच्या खांद्याला खांदा लावून होता. मोकळ्या मैदानात गोल गोल गाडी फिरवून टायरची पकड मोजायची, एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याची नोंद ठेवायची, अशी ही कंटाळवाणी तपश्चर्या होती. ती संपली तेव्हा टर्बोचे इंजिन पायाच्या अंगठ्याचे ऐकू लागले होते.

घरच्या घरी टर्बोचा दाब वाढवणाऱ्यांची गल्लत बहुधा इथेच होते. दाब वाढवणे हे पाच मिनिटांचे काम. त्या दाबाला पुरेसे इंधन, कोंडल्यामुळे तापलेल्या हवेला थंडावा आणि वाढलेल्या वेगाला ब्रेक पुरवणे हे महिनोन् महिन्यांचे. इंधन कमी पडले किंवा हवा फार तापली तर सिलिंडरमधले मिश्रण वेळेआधीच भडकते आणि पिस्टनला भोक पडते. पोर्शेच्या या गाडीत चालकासमोरच दाब कमीजास्त करण्याची एक मूठ होती. शर्यत सुरू होताना तो वाढवायचा आणि आघाडी मिळाली की इंजिनाची दया येऊन कमी करायचा, अशी सोय होती.

१९७२ च्या पहिल्याच कॅन-अ‍ॅम शर्यतीत, कॅनडातल्या मोस्पोर्टला, डोनोह्यू आघाडीवर असताना हवेची एक झडप अडकली आणि त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. त्यानंतर रोड अटलांटाच्या सरावात मागचे आवरण सुटून उडाले, गाडी कोलांट्या खात गेली आणि त्याचा गुडघा निकामी झाला. त्याच्या जागी आलेल्या जॉर्ज फॉलमरने ती मालिका जिंकली. महिनोन् महिने घडवलेले यंत्र दुसऱ्याच्या हाती जिंकताना पाहणे त्याला किती जड गेले, हे त्याच्या आत्मकथेत लपलेले नाही.

पुढल्या वर्षी आली ९१७/३०. लांबवलेला सांगाडा, ५.४ लिटरचे इंजिन, शर्यतीसाठी ११०० अश्वशक्ती आणि चाचणीच्या बाकावर दाब चढवला तर दीड हजारांच्याही पुढे. वजन सुमारे आठशे किलो, म्हणजे आपल्याकडच्या लहान मोटारीएवढे. आठपैकी पहिल्या दोन शर्यती हातच्या गेल्या. उरलेल्या सहाही डोनोह्यूने ओळीने जिंकल्या. मॅक्लारेनने तर त्याआधीच मालिकेतून काढता पाय घेतला होता. निकाल आधीच ठाऊक असलेली शर्यत पाहायला कोण येणार, अशी कुरकुर सुरू झाली. त्यातच १९७३ चे तेलसंकट आले आणि पुढल्या वर्षी इंधनाच्या वापरावर मर्यादा घालून आयोजकांनी या गाडीची वाट बंद केली. तिने मालिका मारली असे म्हणण्याची पद्धत आहे, पण ते अर्धेच खरे. पैसा आणि प्रेक्षक दोन्ही आटू लागले होते.

१९७४ च्या आरंभी, एकसारख्या पोर्शे मोटारींत नामवंत चालकांना भिडवणारी आयरॉक ही नवी स्पर्धा जिंकून डोनोह्यू निवृत्त झाला आणि पेन्स्कीच्या संघाची व्यवस्था पाहू लागला. वय अवघे छत्तीस. मेज-खुर्चीत त्याचा जीव रमला नाही. पेन्स्कीने फॉर्म्युला वनसाठी स्वतःची मोटार बांधली तेव्हा तिचा चालक म्हणून त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅनडात तो परतला. हे पुनरागमन त्याला मानवले असे म्हणवत नाही. १९७५ च्या हंगामात स्वीडनमधला पाचवा क्रमांक वगळता पेन्स्कीची गाडी रखडतच राहिली. ती सुधारण्याचा त्याने हरप्रकारे यत्न केला. शेवटी संघाने ती बाजूला ठेवून मार्च ही तयार ब्रिटिश गाडी विकत घेतली.

त्या उन्हाळ्यात एक समाधान मात्र लाभले. ९ ऑगस्ट १९७५ रोजी अलाबामातल्या टॅलाडिगाच्या बंदिस्त मार्गावर त्याने आपली जुनी ९१७/३० ताशी २२१.१२० मैल, म्हणजे जवळपास ३५६ किलोमीटर, वेगाने पळवून विश्वविक्रम केला. अखंड पूर्ण जोरात इंजिन फार तापते, म्हणून टर्बोने दाबलेली हवा थंड करणारे इंटरकूलर त्यासाठी जोडले होते.

आठच दिवसांनी, रविवारी १७ ऑगस्टला, ऑस्ट्रियन ग्रां प्रीच्या सकाळच्या सरावात त्याच्या मार्चचा टायर फुटला. गाडी कुंपण ओलांडून जाहिरातीच्या फलकांवर आदळली. मार्गावरचा एक स्वयंसेवक या अपघातात दगावला. डोनोह्यू शुद्धीवर होता, बोलत होता, फक्त डोके दुखत होते. मेंदूतल्या रक्तस्रावाने नंतर तो बेशुद्ध झाला, ग्राझच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि १९ ऑगस्टला तो गेला. वय अडतीस. ती शर्यत पावसात व्हिट्टोरियो ब्राम्बिलाने जिंकली, तीही मार्चच्याच त्या बनावटीच्या गाडीतून. कुटुंबीयांनी टायरबाबत न्यायालयात धाव घेतली आणि दहा-अकरा वर्षांनी ते प्रकरण तडजोडीने मिटले.

बरोबर एका वर्षाने, ऑगस्ट १९७६ मध्ये, ऑस्ट्रियातल्या त्याच मार्गावर जॉन वॉटसनने पेन्स्की संघाच्या स्वतःच्या बनावटीच्या मोटारीतून ग्रां प्री जिंकली. फॉर्म्युला वनमधला त्या संघाचा हा पहिला आणि शेवटचा विजय. डोनोह्यू गेला तेव्हा त्याचा मुलगा डेव्हिड आठ वर्षांचा होता. तोही पुढे शर्यतपटू झाला. वडिलांनी जिंकलेली डेटोनाची चोवीस तासांची शर्यत त्याने चाळीस वर्षांनी, २००९ मध्ये, पोर्शेचे इंजिन असलेल्या गाडीतून जिंकली, दुसऱ्या क्रमांकाच्या मोटारीपुढे ०.१६७ सेकंदांनी.