नागासाकीचे डॉ. पॉल नागाई

वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी १५९७ साली जपानमधील नागासाकी येथे हौतात्म्य पत्करले. म्हणून हे शहर आपल्याला जवळचे वाटते. त्याच शहरातील डॉ. ताकाशी नागाई यांचे जीवनही जाणून घेण्यासारखे आहे.

नागाई यांचा जन्म १९०८ साली मात्सुए येथे झाला. वैद्यकीय शिक्षणासाठी ते नागासाकीला आले, तेव्हा त्यांचा देवावर विश्वास नव्हता. उराकामी भागात ते मोरियामा कुटुंबाकडे राहू लागले. छळाच्या काळात धर्मगुरूंविना, गुप्तपणे श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती लोकांचे हे वंशज होते. त्यांच्या प्रार्थनामय जीवनाचा नागाईंवर खोल परिणाम झाला. १९३४ साली त्यांनी बाप्तिस्मा घेऊन पॉल हे नाव धारण केले आणि त्याच घरातील मिदोरी हिच्याशी विवाह केला.

क्ष-किरण विभागात वर्षानुवर्षे काम केल्यावर जून १९४५ मध्ये त्यांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. आयुष्य फार तर तीन वर्षांचे उरले होते.

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी उराकामीवर अणुबॉम्ब फुटला. नागाईंच्या कानशिलाजवळची रक्तवाहिनी तुटली. तरीही उरलेल्या सहकाऱ्यांसह ते जखमींची सेवा करीत राहिले. दोन दिवसांनी घरी गेले, तेव्हा राखेत मिदोरीच्या अस्थी आणि रोझरीमाळ सापडली. दोन्ही मुले आजीबरोबर दूरच्या गावी असल्याने वाचली. उराकामीच्या सुमारे १२ हजार कॅथोलिकांपैकी साडेआठ हजार जण मृत्युमुखी पडले.

या जमिनीत ७० वर्षे काही उगवणार नाही, अशी वदंता होती. नागाईंना मात्र तेथे मुंग्या व गांडुळे जिवंत आढळली. मग माणूसही येथे राहू शकेल, असे मानून त्यांनी तेथेच झोपडी बांधली. ढिगाऱ्यातून काढलेली कॅथेड्रलची घंटा त्या वर्षीच्या नाताळला पुन्हा वाजली. पुढे अंथरुणाला खिळूनही त्यांनी 'नागासाकीची घंटा' व इतर पुस्तके लिहिली. त्यांच्या उत्पन्नातून त्यांनी उराकामीसाठी चेरीची एक हजार झाडे दिली. १ मे १९५१ रोजी ते देवाघरी गेले. १९५९ साली कॅथेड्रल पुन्हा उभे राहिले.

मग अणुयुद्धानंतरही माणूस सावरेल, असे समजून आपण निश्चिंत राहावे का? नागासाकीच्या जखमींना आगगाडीने ओमुरासारख्या जवळच्या शहरांत नेता आले. धान्य, औषधे बाहेरून आली. कारण बाहेरचे जग शाबूत होते. आज जगात सुमारे १२ हजार अण्वस्त्रे आहेत. अनेक शहरे एकाच वेळी जळाली, तर धुराने सूर्य झाकोळून दूरच्या देशांतील पिकेही बुडतील, असा शास्त्रज्ञांचा इशारा आहे. तेव्हा मदतीला कोण येणार?

नागासाकी हे अणुबॉम्बने जळालेले शेवटचे शहर ठरावे, अशी नागाईंची तळमळ होती. २०२५ साली, ८० वर्षांनंतर, कॅथेड्रलच्या दोन्ही मनोऱ्यांतील घंटा एकत्र वाजल्या. नष्ट झालेल्या घंटेच्या जागची नवी घंटा अमेरिकेतील कॅथोलिकांनी भेट दिली होती. ९ ऑगस्टला आपणही आपल्या कुटुंबात शांतीसाठी एक रोझरी म्हणू या.