एकांताच्या कवीचे गोत

निसर्गात एकटाच भटकणारा कवी, अशी विल्यम वर्डस्वर्थची ओळख इंग्रजीच्या क्रमिक पुस्तकांनी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना करून दिली. हे चित्र अर्धेच खरे आहे. एकांताची म्हणून नावाजलेली ही कविता वस्तुतः डोंगरातल्या एका लहानशा मित्रमंडळात वाढली. आणि त्या मैत्रीचे मोल मंडळातील साऱ्यांनी सारखे मोजले नाही.

वर्डस्वर्थचा जन्म १७७० साली इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरांच्या प्रदेशात, कॉकरमथ येथे झाला. बालपणीच आई गेली, तेराव्या वर्षी वडील गेले. भावंडांची पांगापांग झाली. धाकटी बहीण डोरोथी कित्येक वर्षे दुरावली. फ्रेंच राज्यक्रांतीने भारावलेला हा तरुण १७९२ च्या अखेरीस फ्रान्सहून परतला, तेव्हा प्रेयसी आणि नवजात कन्या तेथेच राहिली होती. हाताशी पैसा नव्हता, उद्योगही नव्हता. १७९५ मध्ये एका तरुण मित्राने मृत्युपत्राद्वारे ठेवलेल्या ९०० पौंडांमुळे त्याला बहिणीसह घर मांडता आले. त्याच वर्षी त्याची सॅम्युएल टेलर कोलरिजशी ओळख झाली. १७९८ मध्ये दोघांचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह निनावी प्रसिद्ध झाला आणि इंग्रजी कवितेने नवे वळण घेतले.

१७९९ च्या डिसेंबरात ही बहीणभावंडे ग्रासमिअरच्या खोऱ्यातील एका लहान घरात राहावयास आली. पुढील वर्षी कोलरिजने तेथून सुमारे तेरा मैलांवरील केझिक येथे बिऱ्हाड केले. नवी कविता वाचून दाखविण्यासाठी तो डोंगर ओलांडून पायी येई. डोरोथी कवितांच्या नकला करी, घर सांभाळी आणि रोजनिशी लिही. १८०२ च्या एप्रिलमध्ये अल्सवॉटरच्या काठी डॅफोडिलची फुले पाहिली ती भावाबहिणीने मिळून. त्यांचे वर्णन प्रथम तिच्या रोजनिशीत उमटले. कविता सुमारे दोन वर्षांनी झाली आणि तीत कवी एकटा झाला. त्याच कवितेतील दोन ओळी पत्नी मेरीने सुचविलेल्या होत्या.

तथापि या सहवासाला दुसरी बाजूही होती. संग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीतून कोलरिजची 'क्रिस्टाबेल' वगळण्यात आली. मुखपृष्ठावर नाव आले ते एकट्या वर्डस्वर्थचे. कोलरिजचा आपल्या प्रतिभेवरील विश्वास डळमळत गेला. अफूचे व्यसन आणि विसंवादी संसार यांनी उरलेले बळ हिरावले. १८०४ मध्ये तो माल्टाला निघून गेला. मागे राहिलेल्या बायकामुलांचा भार साडू रॉबर्ट सदी याने वर्षानुवर्षे वाहिला. टीकाकारांनी या तिघांना 'सरोवर-कवी' म्हणून हिणविले. पण त्यांना जोडणारा धागा एखाद्या काव्यपंथाहून अधिक घरगुती होता.

१८१० मध्ये कोलरिजला आपल्या घरी ठेवून घेऊ पाहणाऱ्या एका स्नेह्याला वर्डस्वर्थने त्याच्या सवयींविषयी खाजगीत सावध केले. ते शब्द कोलरिजच्या कानी गेले आणि मैत्री तुटली. १८१२ मध्ये समेट झाला, परंतु पूर्वीची जवळीक परतली नाही. कोलरिजला उद्देशून लिहिलेले 'प्रेल्यूड' हे दीर्घ आत्मकाव्य १८०५ मध्येच पूर्ण झाले होते. ते मित्राला वाचूनही दाखविले होते. पण हयातीत छापले नाही. कोलरिज १८३४ मध्ये वारला; काव्य प्रसिद्ध झाले १८५० मध्ये, वर्डस्वर्थच्याही मृत्यूनंतर.

कोलरिजचा थोरला मुलगा हार्टली हाही कवीच, पण व्यसनाने खचलेला. १८४९ च्या जानेवारीत तो वारला, तेव्हा वृद्ध वर्डस्वर्थने ग्रासमिअरच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेशेजारी त्याच्यासाठी जागा निवडून दिली. पुढील वर्षीच्या एप्रिलमध्ये तो स्वतःही तेथे विसावला. मित्राला जे देता आले नाही, ते मित्राच्या मुलाला दिले गेले. उशिराच, पण ते ऋण वर्डस्वर्थ विसरला नव्हता, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.