लोकमान्य टिळक : परंपरानिष्ठा आणि लोकनेतृत्व

मागील घटकात तुम्ही गोपाळ गणेश आगरकर यांचे जीवन आणि विचार अभ्यासले. या घटकात त्यांचे सहाध्यायी, सहकारी आणि पुढे प्रतिपक्षी झालेले बाळ गंगाधर टिळक यांचा परिचय करून घ्यायचा आहे. टिळकांचे राजकीय चरित्र शालेय पाठ्यपुस्तकांपासून तुमच्या ओळखीचे आहे. म्हणून येथे एकच प्रश्न हाती धरून त्यांच्या आयुष्याकडे पाहू. सनातन धर्म आणि रूढी यांचे रक्षक म्हणून ज्या नेत्याकडे पाहिले गेले, तो नेता त्या तत्त्वांशी कितपत एकनिष्ठ राहिला? आणि मुळात त्याचे तत्त्व कोणते होते?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते आणि संस्कृताचे जाणकार होते. १८७१ साली टिळकांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी वडील निवर्तले. डेक्कन कॉलेजातून १८७७ मध्ये बी. ए. आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग त्यांना मोकळा होता. तो त्यांनी सोडला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यासह त्यांनी जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८१ मध्ये ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे निघाली. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, हा दोघांमधला वाद पुढे विकोपास गेला. आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. १८९० मध्ये टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला.

त्याच वर्षी बेहरामजी मलबारी यांनी उचलून धरलेला संमतिवयाचा प्रश्न पेटला. मुलीच्या शरीरसंबंधास कायद्याने मान्य असलेले वय १० वरून १२ वर न्यावे, एवढीच त्या विधेयकाची मागणी होती. टिळकांनी ‘केसरी’तून त्यास कडाडून विरोध केला. हिंदूंच्या धर्माचारात परक्या सरकारने हात घालू नये, सुधारणा समाजाने आतून करावी, हा त्यांचा मुद्दा. मार्च १८९१ मध्ये कायदा संमत झाला, पण टिळक मात्र त्या विरोधातून सामान्य जनतेचे पुढारी म्हणून वर आले.

येथे थोडे थांबा, कारण चरित्रातील एक तपशील बहुधा घाईने ओलांडला जातो. याच वादाच्या काळात टिळकांनी सुधारकांपुढे स्वतःची एक योजना मांडली होती. मुलींचे लग्न सोळाव्या वर्षाआधी आणि मुलांचे विसाव्या वर्षाआधी करू नये, चाळिशीनंतर पुरुषाने लग्न करू नये आणि करायचेच तर विधवेशी करावे, हुंडा घेऊ नये, विधवांचे केशवपन करू नये, अशी ती कलमे होती. ज्यांना सुधारणा हवी आहे त्यांनी या कलमांवर सही करावी आणि नियमाचे बंधन सही करणाऱ्यांवरच असावे, हे तिचे सूत्र. म्हणजे ज्या गृहस्थाला सरकारचे बारा हे वय मान्य नव्हते, तो स्वेच्छेने सोळा मान्य करण्यास तयार होता. वयाच्या प्रश्नावर टिळक सनातनी नव्हते, असे म्हणावे लागते. त्यांचा खरा आक्षेप सत्तेच्या अधिकारावर होता.

हा युक्तिवाद तोलून पाहण्यास तुमचाच जिल्हा उपयोगी पडतो. बीड जिल्ह्यातील उमापूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. ब्रिटिश हिंदुस्थानचा १८९१ चा कायदा तेथे लागू नव्हता. परक्या कायद्याचा हस्तक्षेप नसलेल्या त्या मुलखात समाज स्वतःहून पुढे सरकला का? उमापूरसारख्या गावात राहून हा घटक वाचणाऱ्यांना उत्तर शोधायला दूर जावे लागणार नाही. कारखान्याची उचल घेऊन ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुलीचे लग्न उरकून टाकण्याची घाई, कोयता पुरा व्हावा म्हणून जोडी जमवण्याची घाई, तुमच्यापैकी अनेकांनी जवळून पाहिली असेल. रूढीला कायद्याने धक्का देता येतो का, हा प्रश्न टिळकांबरोबर संपलेला नाही.

टिळकांचे स्वतःचे वर्तन रूढ सोवळेपणाच्या चौकटीत पूर्ण बसत नव्हते. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ज्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली त्या मंडळींत रानडे होते, तसेच टिळकही होते. ही नावे वृत्तपत्रात छापली गेली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी शास्त्रग्रंथांच्या आधारे आपली बाजू मांडली, पण धर्मपीठाचा अधिकार नाकारला नाही. प्रायश्चित्ताचा मार्ग त्यांनी स्वीकारला. पुढे रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांना ते फार लागले. रानड्यांकडून अपेक्षा अधिक होती, म्हणून त्यांचे प्रायश्चित्त जास्त गाजले. टिळकांचे कोणाला खटकले नाही.

पुढची काही वर्षे थोडक्यात पाहू. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सव आणि त्यामागोमाग शिवजयंतीचा उत्सव यांना त्यांनी बळ दिले. परंपरेचे जुने रूप राजकीय जागृतीसाठी वापरण्याची ही रीत त्यांना उत्तम साधली होती. १८९५ च्या पुणे काँग्रेसच्या वेळी सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरू नये म्हणून त्यांच्या पक्षाने एवढा गोंधळ उठवला की रानडे यांनी ती दुसरीकडे भरवली. १८९७ मध्ये राजद्रोहाची पहिली शिक्षा झाली. १९०८ मध्ये दुसरी, सहा वर्षांची झाली आणि मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहून झाले.

आता वेदोक्त प्रकरणाकडे वळू, कारण टिळकांच्या तत्त्वाची खरी परीक्षा तेथे झाली. कोल्हापूरचे शाहू महाराज यांना त्यांच्या राजोपाध्यायांनी वेदोक्त विधी नाकारून पुराणोक्त विधी देऊ केले. १९०१ मध्ये टिळकांनी ‘केसरी’त लेख लिहून ब्राह्मण पुरोहितांची बाजू घेतली. संमतिवयाच्या वेळी त्यांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला होता. येथे मागणी करणारा राजा हिंदू होता, छत्रपतींच्या गादीवर होता आणि मागत होता तो आपल्याच धर्मातला अधिकार. सुधारणा आतून व्हावी, हे म्हणणे मनापासूनचे असते तर ती आतून होण्याची ही संधी होती. या ठिकाणी टिळक आपल्या आधीच्या सूत्राशी एकनिष्ठ राहिले, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. ते जन्मसिद्ध अधिकाराच्या रूढ कल्पनेशी एकनिष्ठ राहिले. ज्याला विरोधकांनी तेल्यातांबोळ्यांचा पुढारी म्हणून हिणवले आणि ज्याने ती पदवी भूषणासारखी वागवली, त्याच्याविषयी हे लिहिताना हात जड होतो. परंतु ‘केसरी’चे अंक समोर असताना दुसरे लिहिता येत नाही.

मंडालेहून १९१४ मध्ये परतलेले टिळक काही बाबतींत बदललेले दिसतात. १९१६ च्या लखनौ करारात मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ देण्यास त्यांनी संमती दिली. त्यांच्याच पक्षातील कित्येकांना हे रुचले नाही. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरवली. अध्यक्ष सयाजीराव गायकवाड होते. टिळकांनी तेथे अस्पृश्यतेविरुद्ध इतके जोरदार भाषण केले की अशी रूढी मान्य करणारा देव असेल तर तो आपणांस देव वाटणार नाही, येथपर्यंत त्यांची मजल गेली. नंतर एक पत्रक सह्यांसाठी पुढे आले. नित्याच्या व्यवहारात आपण स्वतः अस्पृश्यता पाळणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यात होती. टिळकांनी सही केली नाही. अनुयायांच्या आग्रहामुळे ते मागे सरले, असे सांगितले जाते.

१८९० चा प्रसंग आता पुन्हा आठवून पाहा. कायदा नको, सही करा आणि स्वतःपासून सुरुवात करा, असे सुधारकांना सांगणारे टिळकच होते. अठ्ठावीस वर्षांनी नेमका तसाच कागद, कोणत्याही सरकारचा हात नसलेला, त्यांच्यासमोर आला. अनुयायी हातचे जातील ही भीती त्यांना असेल तर ती खोटी नव्हती. होमरूल चळवळ भरात होती आणि सनातनी वर्ग तिचा मोठा आधार होता. पण मग हेही मान्य करावे लागते की या वेळी नेता आपल्या अनुयायांच्या मागून चालत होता.

अखेरच्या वर्षातही ही ओढाताण सुटली नाही. पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद चालू असता पैसा अपुरा असल्यास आधी मुलांचे शिक्षण सक्तीचे करावे, असे त्यांचे मत पडले आणि सभेत लोकांनी त्यांना नीट बोलूही दिले नाही. त्याच १९२० सालच्या एप्रिलमध्ये काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा त्यांनी प्रसिद्ध केला. जात किंवा रूढी यांमुळे आलेली नागरी आणि सामाजिक बंधने दूर करणे, हे त्यातील एक उद्दिष्ट होते. ते व्यवहारात कसे उतरले असते, हे पाहण्यास टिळक उरले नाहीत. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात त्यांचे निधन झाले आणि चौपाटीवर अथांग जनसमुदायासमोर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

त्यांचे धाकटे पुत्र श्रीधरपंत यांचा येथे उल्लेख केला पाहिजे. १९२८ मध्ये श्रीधरपंतांनी पुण्याच्या गायकवाड वाड्यात, म्हणजे लोकमान्यांच्याच राहत्या वाड्यात, समाज समता संघाची शाखा उघडली. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते आणि सर्व जातींच्या मंडळींनी एकत्र भोजन केले. त्याच वर्षी श्रीधरपंतांचा अकाली अंत झाला. वाड्याच्या मालकीवरून ‘केसरी’च्या विश्वस्तांशी चाललेला त्यांचा वाद तेव्हा मिटलेला नव्हता.