शॉनी वीर टेकुम्से

मुलांनो, अमेरिका इंग्रजांपासून स्वतंत्र झाली हे आपल्याला ठाऊक आहे. पण ती जमीन मुळात होती कुणाची? तिथल्या मूळ रहिवाशांची. त्यांच्यातल्या शॉनी जमातीत, ओहायो भागात, सुमारे १७६८ साली टेकुम्सेचा जन्म झाला. पोर लहान असतानाच, १७७४ साली, वडील गोऱ्यांशी लढताना मारले गेले.

गोरे लोक एकेका जमातीला वेगळं गाठायचे, थोडे पैसे द्यायचे आणि करार करून घ्यायचे. १८०९ मध्ये फोर्ट वेनच्या करारात अशीच सुमारे ३० लाख एकर जमीन गेली. टेकुम्सेचं म्हणणं, जमीन सगळ्या जमातींची सामाईक आहे. सामाईक शेत एकाच भावानं परस्पर विकलं तर चालेल का? हेच सांगत तो शेकडो मैल हिंडला. १८११ मध्ये तो दक्षिणेत गेलेला पाहून गव्हर्नर हॅरिसन त्याच्या गावावर चालून गेला. टिपेकनू नदीकाठी लढाई झाली आणि गाव जाळलं गेलं.

जून १८१२ मध्ये अमेरिकेने इंग्लंडशी युद्ध पुकारले. कॅनडा तेव्हा इंग्रजांकडे होता. सरहद्द म्हणजे नद्या आणि समुद्रासारखे तलाव! टेकुम्से इंग्रजांना मिळाला, तो काही त्यांच्या प्रेमापोटी नव्हे. त्याला जमीन हवी होती. सेनापती ब्रॉकशी मात्र त्याचं छान जमलं. १६ ऑगस्टला दोघांनी डेट्रॉईट घेतलं. आत सैन्य जास्त होतं, तरी जनरल हल घाबरून शरण आला.

दोनच महिन्यांत ब्रॉक नायगारा नदीकाठी क्वीन्स्टनला पडला. मग गाठ पडली प्रॉक्टरशी. मे १८१३ मध्ये फोर्ट मेग्जजवळ कैद्यांची कत्तल चालली होती, ती टेकुम्सेने स्वतः येऊन थांबवली. शत्रूंनीही त्याला याबद्दल मानलं.

सप्टेंबरमध्ये ईरी तलावावर अमेरिकन आरमार जिंकलं. रसद तुटली, प्रॉक्टर मागे हटू लागला. टेकुम्सेला ते मुळीच पटलं नाही. ५ ऑक्टोबरला थेम्स नदीकाठी हॅरिसननं त्यांना गाठलं. इंग्रजांची फळी थोड्याच वेळात मोडली, प्रॉक्टर निसटला. टेकुम्सेचे लोक दलदलीच्या कडेला लढत राहिले. तिथंच तो पडला. त्याला कुठं पुरलं, ते आजवर कळलेलं नाही.

डिसेंबर १८१४ मध्ये गेंट येथे तह झाला. सरहद्द होती तिथंच राहिली. मूळ रहिवाशांच्या जमिनी परत देण्याचं कलम तहात होतं, पण ते कुणी पाळलं नाही. हॅरिसन मात्र टिपेकनूच्या नावावर मतं मिळवून १८४१ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला.