वाट मोकळी करणारा शिपाई : मेजर राम राघोबा राणे



आज आगमनकाळाचा दुसरा रविवार. आजच्या शुभवर्तमानातील संत योहान बाप्तिस्ता आपल्याला प्रभूसाठी वाट तयार करायला सांगतो. आपण कोसबाडकर टेकडीवरची माणसे. रस्त्यावर एक झाड आडवे पडले तर आजारी माणसाचे काय हाल होतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून आज अक्षरशः वाट मोकळी करणाऱ्या एका माणसाची ओळख करून घेऊ या. ते ख्रिस्ती नव्हते. पण जे जे चांगले आहे त्याचा उगम देवातच आहे, असे आपली ख्रिस्तसभा मानते.

राम राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया गावी झाला. कारवार तेव्हा आपल्याप्रमाणेच मुंबई इलाख्यात होते. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या बदल्यांमुळे रामची शाळा सारखी बदलत असे. १९४० साली, बावीस वर्षांचे असताना, ते सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर्स दलात साधे जवान म्हणून भरती झाले. या दलाचे काम म्हणजे पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि काढणे.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढले. आपले सैन्य मागे हटत असताना दारूगोळ्याचे साठे नष्ट करण्यासाठी त्यांच्या तुकडीला मागे ठेवण्यात आले. काम झाल्यावर न्यायला जहाज येणार होते, ते आलेच नाही. जपानी पहारा असलेली नदी ओलांडून राणे यांनी आपली माणसे सुखरूप परत आणली. पुढे एकेक पायरी चढत डिसेंबर १९४७ मध्ये ते अधिकारी झाले.

त्यानंतर चारच महिन्यांनी कसोटीचा प्रसंग आला. जम्मू-काश्मीरमधील राजौरी शहर नोव्हेंबर १९४७ पासून हल्लेखोरांच्या ताब्यात होते. तेथील लोकांची कत्तल चालली होती. नौशेराहून राजौरीला लवकर पोहोचायचे तर रणगाडे न्यावे लागणार होते; आणि रस्ता सुरुंग, पाडलेली झाडे व उडवलेल्या मोऱ्या यांनी पूर्ण बंद केलेला होता.

८ एप्रिल १९४८ रोजी काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतील दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा केली आणि काम सुरू केले. रणगाड्याखाली सरपटत जाऊन, दोरीने चालकाला इशारे देत, त्यांनी सुरुंग काढल्याचे सांगितले जाते. त्या रात्री दहा वाजेपर्यंत ते थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. पाइनची झाडे स्फोटाने उडवायची, फुटलेल्या मोरीला वळसा देणारा रस्ता खणायचा, आणि डोक्यावरून मशीनगनच्या गोळ्या. १० तारखेला पहाटे पावणेपाचला ते सुरुंगांनी वेढलेल्या पाच मोठ्या झाडांशी भिडले. सकाळी साडेदहापर्यंत रणगाड्यांना वाट मिळाली. पण मागून अन्नसामुग्रीच्या गाड्या यायच्या होत्या. रणगाडे पुढे गेले म्हणून आपले काम संपले, असे राणे यांनी मानले नाही. विश्रांती व जेवण न घेता ते रात्री नऊपर्यंत खपत राहिले. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला आणि १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले. अनेकांचे प्राण वाचले.

या कामगिरीसाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. त्या युद्धातील पाच परमवीरांपैकी तिघे रणांगणावरच पडले होते. जिवंतपणी हा सन्मान स्वीकारणारे दोघेच, करम सिंग आणि राणे.

येथे थोडे थांबू या. युद्ध ही चांगली गोष्ट नव्हे. प्रभू येशू शांतीचा राजा आहे. पण योहानाकडे शिपाई आले तेव्हा त्याने त्यांना हाकलून दिले नाही. कोणावर जुलूम करू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच शिकवले. संत थॉमस अक्विनास यांनी तर धैर्याविषयी फार महत्त्वाचा विचार मांडला आहे. चाल करून जाणे हे धैर्याचे मुख्य काम नव्हे. संकटात पाय रोवून टिकून राहणे हे त्याहून अवघड. राणे यांचे धैर्य या जातीचे होते. सुरुंग काढणाऱ्याचे दोन्ही हात मातीत गुंतलेले असतात. तो गोळीला गोळीने उत्तर देऊ शकत नाही. तो फक्त मागून येणाऱ्यांसाठी वाट मोकळी करतो.

आणि टिकून राहण्याची खरी परीक्षा त्या चार दिवसांनंतर असते. राणे त्यानंतर शेहेचाळीस वर्षे जगले. १९५५ साली राजेश्वरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना चार मुले झाली. सैन्यातून ते मेजर म्हणून निवृत्त झाले. १९९४ साली पुण्यात, वयाच्या ७६व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, आणि २०२३ पासून अंदमानातील एका बेटाला त्यांचे नाव आहे. संसाराच्या वर्षांचे मात्र कोठे पुतळे होत नाहीत. रोज सकाळी उठून कामाला जाणे, मुलांची फी भरणे, आजारपणात उशाशी बसणे, याला कोणी पदक देत नाही.

माझ्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांनो, म्हणूनच आजचा हा लेख विशेष करून तुमच्यासाठी आहे. चिकूच्या वाडीत, भातशेतीत, वीटभट्टीवर किंवा दूर कारखान्यात राबून तुम्ही मुलांची वाट मोकळी करता. ते काम देव पाहतो. पण घराच्या वाटेवर कधी आपणच झाडे आडवी टाकतो: दारू, भावाभावांतला अबोला, बायकोवर उगारलेला हात. काही सुरुंग तर वर्षानुवर्षे जमिनीखाली पडून असतात. एखादा जुना अपमान, न मागितलेली क्षमा. नाताळच्या रात्री गव्हाणीपुढे गुडघे टेकण्यापूर्वी यातला निदान एक अडथळा प्रत्येकाने दूर करावा. पापस्वीकारासाठी या. ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, त्याच्या दारात जा. तेथे आधी जाणे सोपे नसते. त्यालाही धैर्य लागते.

वाट मोकळी झाली की प्रभू येतोच.

तुमचा धर्मगुरू