गुलाम महाराज

गुलाम महाराज (मृत्यू : १९ जुलै १९३८) हे पश्चिम खानदेशातील भिल्ल समाजात जन्मलेले संत व समाजसुधारक होते. तळोदा तालुक्यातील मोरवड (आजचे रंजनपूर) ही त्यांची कर्मभूमी. हा प्रदेश आज नंदुरबार जिल्ह्यात मोडतो. दारूचा त्याग, नित्य स्नान आणि परस्परांना 'आप' असे आदरार्थी संबोधन ही त्यांच्या शिकवणीची प्रमुख अंगे होत. या संबोधनावरूनच त्यांच्या अनुयायांचा पंथ 'आप' या नावाने ओळखला जातो.

पार्श्वभूमी

तापी नदी आणि सातपुडा यांच्यामधील शहादा-तळोद्याची जमीन सुपीक आहे. ब्रिटिश राजवटीत तेथील अनेक भिल्ल कुटुंबांच्या जमिनी सावकारांच्या व सधन शेतकऱ्यांच्या हाती गेल्या. पूर्वीचे जमीनधारक सालदार झाले. सालदार म्हणजे आगाऊ उचल घेऊन वर्षभर एकाच मालकाच्या शेतावर राबणारा गडी. उचल फिटली नाही की पुढचे सालही त्याच मालकाकडे काढावे लागे.

मोहाच्या फुलांची दारू हा आदिवासी जीवनाचा जुना भाग होता. देवापुढे तिची धार धरली जाई. लग्नात, मर्तिकात व पाहुणचारात ती लागेच. त्यामुळे दारू नाकारणारा माणूस देवाला व भाऊबंदांना अंतरला, असे मानले जाई. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी नियंत्रण आणले. जी वस्तू घरी सिद्ध होई, ती परवानाधारक दुकानातून रोख पैसे मोजून आणावी लागू लागली आणि धार्मिक विधीची गरज कर्जाचे कारण बनली. व्यसनाची मुळे अशी विधी, नातेसंबंध, शीण आणि कर्ज या सर्वांत पसरलेली होती. केवळ व्यक्तीच्या मनोनिग्रहावर विसंबून ती उपटणे शक्य नव्हते.

१९२२-२३ साली दक्षिण गुजरात व लगतच्या खानदेशात देवीची चळवळ पसरली होती. देवीची आज्ञा म्हणून हजारो आदिवासींनी दारू सोडली. परंतु पहिला आवेग ओसरल्यावर अनेक गावांत जुनी सवय परतली.

कार्य

गुलाम महाराज स्वतः शेतावर राबणाऱ्या वर्गातून आले होते. १९३७-३८च्या सुमारास त्यांच्या उपदेशाला मोठा प्रतिसाद मिळू लागला. दारू पिऊ नये, चोरी करू नये, रोज स्नान करावे, घर व अंगण स्वच्छ ठेवावे, असे ते सांगत. उपदेशाला त्यांनी सामूहिक आचाराची जोड दिली. सोमवारच्या आरतीसाठी गावोगावचे लोक मोरवडला जमत. ज्या भाऊबंदांत बसून पूर्वी प्याले फिरत, त्याच भाऊबंदांत आता आरती होऊ लागली. देवाची सेवा आणि आप्तांचा सहवास या दोन्ही गरजा दारूवाचून भागू लागल्या. ठरलेला वार पुन्हा येई, त्यामुळे निश्चयाची उजळणी आपोआप होई. मोडलेला नियम पुन्हा धरण्यासही वाव मिळे.

'आप' हे संबोधन या आचाराचे दुसरे अंग होय. मालकाच्या शेतावर अरे-तुरे ऐकणाऱ्या माणसाला आपल्याच माणसांकडून दिवसातून अनेकदा आदराचा शब्द मिळू लागला. ज्याला आपली प्रतिष्ठा जाणवते, तो ती जपण्यासाठी वर्तनही बदलतो, हे सूत्र या साध्या रूढीत दिसते.

मृत्यू व वारसा

चळवळ भरात असतानाच १९ जुलै १९३८ रोजी गुलाम महाराजांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी पंथाचे नेतृत्व केले. आरती, स्नान व संबोधन हे आचार कोणासही करता येण्याजोगे होते. त्यामुळे संस्थापकाच्या पश्चातही ते चालू राहिले.

या कार्याला मर्यादाही होत्या. दारू सुटल्याने कुटुंबाचा पैसा वाचे, परंतु गेलेली जमीन परत येत नसे आणि सालदाराची मजुरीही वाढत नसे. हे प्रश्न पुढे १९७०च्या दशकात शहादा परिसरात अंबरसिंग महाराज (अंबरसिंग सुरतवंती) व १९७२ साली स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेने हाती घेतले. त्याच काळात तेथील आदिवासी स्त्रियांनी दारूचे गुत्ते फोडण्याचे आंदोलन केले. घरात दारूमुळे होणारी मारहाण हे त्यामागील थेट कारण होते. जमीन, मजुरी आणि व्यसन हे प्रश्न वेगळे नाहीत, ही जाणीव या लढ्यातून स्पष्ट झाली.

नंदुरबार जिल्ह्यात गुलाम महाराजांचे अनुयायी आजही आहेत. भेटीच्या वेळी 'आप की जय' म्हणण्याची रूढी त्यांच्यात टिकून आहे.